वैशाखातला समुद्र आणि माही-माही

बुलढाण्याहून मलकापूरकडे निघाले की शहर मागे पडताच राजूर घाट लागतो. अजिंठ्याच्या डोंगररांगेची ही धार म्हणजे एक मोठा जलविभाजक आहे. धारेच्या उत्तरेला पडलेले पावसाचे पाणी नळगंगा, विश्वगंगा अशा नद्यांतून पूर्णेला, पूर्णेतून तापीला आणि तापीतून अरबी समुद्राला मिळते. दक्षिणेला पडलेले पाणी पैनगंगा, वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा लांबचा वळसा घेऊन बंगालच्या उपसागरात जाते. एका जिल्ह्याचे पाणी दोन समुद्रांना जाते! (जिल्ह्यात पूर्णाही दोन आहेत. एक तापीची, दुसरी गोदावरीची. दुसरीला खडकपूर्णा म्हणतात म्हणून बरे, नाहीतर भूगोलाच्या पेपरात मुलांचे काही खरे नव्हते.)

नकाशावर समुद्राशी असे दुहेरी नाते असले तरी प्रत्यक्ष समुद्र इथून सरळ रेषेत सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूर आहे. नळगंगा, पेनटाकळी, खडकपूर्णा या धरणांच्या परिसरातल्या मुलांना मासा म्हटला की रोहू, कटला, मृगळ आठवतो. बाजारात बर्फातून आलेला बांगडा किंवा सुरमई फार तर पाहिलेली असते. पाठ्यपुस्तकातला 'मासा' हाही बहुधा गोड्या पाण्यातलाच असतो. मग ज्याला आयुष्यभर ना किनारा दिसतो ना तळ, अशा माशाचे जगणे कसे असेल? तो खातो काय, लपतो कुठे, आणि चहूकडे सारखेच दिसणाऱ्या त्या पाण्यात माणसे त्याला शोधतात तरी कशी? या प्रश्नांसाठी आपण एकच मासा निवडू आणि त्याच्या मागे जाऊ.

त्याचे नाव माही-माही. हे नाव हवाई बेटांवरचे. तिथल्या भाषेत या शब्दाचा अर्थ बळकट असा होतो. दोनदा म्हटले की फारच बळकट. गुजरातमधल्या मही नदीशी किंवा केरळच्या किनाऱ्यावरच्या माहे गावाशी त्याचा काही संबंध नाही. स्पॅनिश कोळी त्याला 'दोरादो' म्हणतात, म्हणजे सोनेरी. शास्त्रीय नाव कोरिफेना हिप्पुरस. हे लिनियसने १७५८ साली दिले. इंग्रजीत त्याला 'डॉल्फिन फिश' असेही म्हणतात आणि त्यामुळे वाचणाऱ्याचा हमखास घोटाळा होतो. डॉल्फिन हा सस्तन प्राणी. तो हवेत श्वास घेतो, पिल्लांना दूध पाजतो आणि त्याची शेपटी आडवी असते. माही-माही हा कल्ल्यांनी श्वास घेणारा, अंडी घालणारा मासा असून त्याची शेपटी उभी असते. फळ्यावर दोन शेपट्या शेजारी शेजारी काढल्या तर हा फरक मुलांच्या कायमचा लक्षात राहतो.

जगातल्या सगळ्या उष्ण समुद्रांत हा मासा आढळतो, अरबी समुद्रातही. आपल्याकडे गुजरात, महाराष्ट्र, केरळ, तमिळनाडू या किनाऱ्यांवर तो उतरवला जातो. बहुतेक वेळा कुपा किंवा सुरमईसाठी टाकलेल्या जाळ्यांत आणि गळांवर तो सापडतो. लांबी साधारण एक मीटर, क्वचित दोन मीटरपर्यंत. अंग दोन्ही बाजूंनी चपटे, डोक्यापासून जवळजवळ शेपटीपर्यंत गेलेला एकच लांब पृष्ठपर, आणि मोठ्या नराचे कपाळ भिंतीसारखे उभे. पाठ निळी-हिरवी, कुशी सोनेरी. हे वर्णन मात्र जिवंत माशाचे. त्याविषयी पुढे सांगू.

वैशाखातला समुद्र

चैत्र-वैशाखात विदर्भ भाजून निघत असतो तेव्हा अरबी समुद्र वर्षातला सर्वांत शांत असतो. हिवाळ्यातले ईशान्येचे वारे थांबलेले असतात, नैऋत्येचे अजून सुरू व्हायचे असतात. पाणी ढवळले जात नाही. वरून ऊन तापते आणि पृष्ठभागाचे तापमान २९-३० अंश सेल्सियसपर्यंत जाते. आग्नेय अरबी समुद्रात ते तिसाच्याही वर चढते. तापलेले पाणी हलके असल्यामुळे वरच राहते, थंड पाणी खाली. दोन्ही थर मिसळत नाहीत. खोल पाण्यातली नायट्रेट-फॉस्फेटसारखी खते वर येत नाहीत, म्हणून वरच्या थरात सूक्ष्म वनस्पती फारशा वाढत नाहीत. समुद्र निळा आणि पारदर्शक दिसतो तो यामुळेच. निळे पाणी म्हणजे उपाशी पाणी, असे म्हटले तरी चालेल. या दिवसांत त्यात जोमाने वाढते ते ट्रायकोडेस्मियम नावाचे सायनोजिवाणू. हवेतला नायट्रोजन ते स्वतःच बांधून घेऊ शकतात, त्यामुळे खालून खत येण्याची वाट त्यांना पाहावी लागत नाही. आपल्या शेतातल्या हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींत जे काम चालते, तेच इथे भर समुद्रात. त्यांचे भुसकट-रंगाचे पट्टे पाण्यावर तरंगतात. खलाशी त्याला समुद्राचा भुसा म्हणत.

मुंबईच्या किनाऱ्यावर उभे राहून मात्र हे निळे पाणी दिसत नाही. तिथले पाणी गढूळ, मातकट. त्याचे एक कारण बुलढाण्यापर्यंत येऊन पोचते. तापी आणि नर्मदा या नद्या दख्खनच्या काळ्या बसाल्टी जमिनीची माती खंभातच्या आखातात आणून टाकत आल्या आहेत आणि भरती-ओहोटीचे जोरदार प्रवाह ती ढवळत ठेवतात. पूर्णेकाठच्या शेतांतून वाहून गेलेली माती या गाळात आहेच. आता तापीवरच्या उकाई धरणात (ते १९७२ साली पूर्ण झाले) यातला बराच गाळ अडतो.

दुसरे कारण समुद्राच्या तळाचे. मुंबईसमोर खंडाचा उथळ मंच सुमारे तीनशे किलोमीटर आत गेलेला आहे. मुंबई हाय हे तेलक्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर दूर आहे, तरी तिथे पाण्याची खोली जेमतेम ७५ मीटर. दक्षिणेकडे हा मंच अरुंद होत जातो. केरळसमोर तो साठ किलोमीटरांच्या आसपास उरतो. म्हणून माही-माहीचे स्वच्छ पाणी गाठायला मुंबईच्या होडीला फार लांब जावे लागते, दक्षिणेकडच्या होडीला त्या मानाने कमी. सिंधुदुर्गासमोर विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटरवर समुद्राच्या पोटात एक पठार आहे, आंग्रिया बँक. कान्होजी आंग्र्यांवरून त्याला हे नाव पडले आहे. माथ्यावर पाणी वीसेक मीटर खोल, इतके नितळ की प्रवाळ वाढतात. आपल्या राज्यासमोरचे निळे पाणी कसे असते ते अशा ठिकाणी दिसते.

अरबी समुद्राचे आणखी एक वैशिष्ट्य सांगायला हवे. साधारण दीडशे-दोनशे मीटरांच्या खाली, हजार मीटरपर्यंत, त्याच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू जवळजवळ नसतोच. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने या पट्ट्याचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. याचा अर्थ असा की कुपा, माही-माही असे सतत धावपळ करणारे मासे वरच्या थोड्याशा थरात कोंडले गेले आहेत. खाली कितीही समुद्र असला तरी तो त्यांच्या उपयोगाचा नाही. शिवाय कोमट पाण्यात प्राणवायू कमी मावतो. गोड्या पाण्यात २० अंशांना लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना सुमारे ७.६ मिलिग्रॅम. मीठ मिसळले की आणखी कमी. ३० अंशांच्या समुद्राच्या पाण्यात तो सव्वासहाच्या आसपास भरतो. मे महिन्यात गावच्या तलावातले मासे पहाटे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडताना मुलांनी पाहिले असतील. रात्रभर वनस्पतींनी प्राणवायू सोडलेला नसतो, उलट सर्वांनी मिळून वापरलेला असतो. तलावात एका रात्रीत घडते त्याचीच ही फार मोठी आणि कायमची आवृत्ती अरबी समुद्राच्या पोटात आहे.

गळ ओढायचा कसा

इथे एका शब्दाचा खुलासा आवश्यक आहे. मराठीत लिहिताना 'ट्रॉलिंग' आणि 'ट्रोलिंग' हे दोन शब्द जवळजवळ सारखेच दिसतात, पण पद्धती अगदी निराळ्या आहेत. ट्रॉलिंग म्हणजे पिशवीसारखे मोठे जाळे, बहुधा तळाशी, यांत्रिक होडीने ओढत नेणे. त्यात येईल ते येते: कोळंबी, लहान मासे, खेकडे, तळावरचा कचरा. ट्रोलिंग म्हणजे चालत्या होडीमागे काही दोऱ्या सोडून त्यांच्या टोकाला बांधलेले गळ ओढत नेणे. त्यात एका गळाला एका वेळी एक मासा लागतो आणि नको असलेला जिवंत सोडताही येतो. (संगणकावर लोकांना डिवचण्याला हल्ली जो शब्द वापरतात तोही हाच, आमिष टाकून कोण लागतो ते पाहायचे. विद्यार्थी आपल्याला हे सांगतीलच.)

लक्षद्वीपमध्ये कुप्यासाठी अशी मासेमारी जुनी आहे. अंदमानात ती हौशी लोकही करतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर कॅरोलिनासमोर मे महिन्यात गल्फ स्ट्रीमच्या उबदार पाण्याबरोबर माही-माही येतो, तेव्हा शेकडो होड्या याच कामाला निघतात. होडी साधारण सहा-सात नॉटने चालवतात. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, सात नॉट म्हणजे ताशी जवळजवळ १३ किलोमीटर, सेकंदाला ३.६ मीटर. तरबेज माणूस जिवाच्या आकांताने पोहला तरी सेकंदाला दोन-सव्वादोन मीटरच जातो. चार-सहा दोऱ्या वेगवेगळ्या लांबीच्या ठेवतात, म्हणजे वळताना त्या एकमेकींत गुंतत नाहीत आणि पाण्यावर एक लहानसा थवा पळत असल्यासारखे दिसते. गळावर पिसे किंवा रंगीत झालर लावलेली असते. माही-माहीचे आवडते खाणे म्हणजे उडते मासे आणि माकूळ. पृष्ठभागालगत फेस उडवत पळणारी झालर त्याला यांपैकीच काहीतरी वाटते.

आता प्रश्न असा की गळ बुडत का नाही? लोखंडाचा हूक आहे, कधी डोक्यात शिसेही असते. उत्तर वेगात आहे. ओढल्या जाणाऱ्या गळावर दोन बले काम करतात: खाली ओढणारे त्याचे पाण्यातले वजन आणि मागे खेचणारा पाण्याचा रोध. दोरी या दोघांच्या बेरजेच्या विरुद्ध दिशेला ताणलेली असते. दोरीचा क्षितिजाशी होणारा कोन थ मानला, तर टॅन थ बरोबर वजन भागिले रोध. वजन बदलत नाही, पण रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समजा एका वेगाला वजन आणि रोध सारखे आहेत. तेव्हा कोन ४५ अंश. वेग दुप्पट केला की रोध चौपट, टॅन थ एक-चतुर्थांश, म्हणजे कोन फक्त १४ अंश. गळ जवळजवळ पृष्ठभागावर आला. दोरीला स्वतःला होणारा रोध आपण सोडून दिला आहे; तो धरला की कोन आणखी बदलतो, पण गोष्ट तीच राहते. होडी चालवणाऱ्याच्या हातात वेग असतो, आणि त्यातूनच गळाची खोली.

शाळेतल्या पाण्याच्या लांब हौदात हे करून पाहता येते. दीड-दोन मीटर दोरीला एक लोखंडी नट बांधा. दोरीचे टोक हातात धरून हौदाच्या कडेने आधी अगदी सावकाश चाला, मग भरभर. नट वर येताना दिसेल. नटाऐवजी तेवढ्याच वजनाची पसरट पट्टी बांधली तर काय होते, हे आधी मुलांकडून वदवून घ्यावे आणि मग पाहावे. वजन तेच असूनही पट्टी लवकर वर येते आणि कधी गिरक्या घेते. त्या गिरक्यांचे कारण शोधण्यात एक तास सहज जाईल. गळ ज्या माशाला भुलवतो त्याला या गिरक्याच दिसत असतात.

ओंडक्याखालची जत्रा

एवढ्या मोठ्या निळ्या पसाऱ्यात गळ ओढायचा कुठे? कुठेही ओढून चालत नाही. अनुभवी माणूस पाण्याकडे बघण्याआधी आकाशात पक्षी शोधतो. कुररी पक्ष्यांचा थवा एका जागी घिरट्या घालू लागला की खाली मोठ्या माशांनी लहान माशांना वर रेटले आहे असे समजायचे. उडते मासे पाण्याबाहेर झेप घेतात, पसरलेल्या परांवर तरंगत कित्येक मीटर जातात, आणि माही-माही पाण्याखालून त्यांचा पाठलाग करीत ते जिथे उतरतील तिथे पोचतो. दुसरी खूण म्हणजे फेसाची किंवा काडीकचऱ्याची रेष. दोन प्रवाह जिथे समोरासमोर येतात तिथे पाणी खाली जाते आणि तरंगणाऱ्या वस्तू मात्र वरच अडकून रांगेत साचतात. हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र (स्थापना १९९९) अशा जागा उपग्रहावरून शोधते. पाण्याचे तापमान आणि हरितद्रव्य यांत जिथे अचानक फरक पडतो, ती ठिकाणे 'संभाव्य मासेमारी क्षेत्र' म्हणून किनाऱ्यावर कळवली जातात.

तिसरी आणि सर्वांत खात्रीची खूण म्हणजे तरंगता ओंडका. एखादे वाहत आलेले झाड, बांबूंचा भारा, शेवाळाचा पुंजका, अगदी सुटलेले पिंपसुद्धा. त्याखाली माही-माही हमखास जमतात. यात नवल असे की ओंडका त्यांना खायला घालत नाही. त्याच्या आडोशाला असलेले बारके मासे इतक्या सगळ्यांना पुरणारे नसतात. मग ते येतात कशासाठी?

यावर बरेच तर्क झाले आहेत. सावली आणि आडोसा हा पहिला. लहान माशांच्या बाबतीत तो पटतो, मीटरभर लांबीच्या शिकाऱ्याच्या बाबतीत कमी. दुसरा तर्क जरा हुशारीचा आहे. ओंडके येतात कुठून? नद्यांतून. नदी ओंडक्याबरोबर खतेही आणते, आणि ते सारे पाणी जिथे साचते तिथे अन्न अधिक. म्हणजे ओंडका हे अन्न नव्हे, अन्नाच्या प्रदेशाची पाटी. लाखो वर्षांत ज्या माशांना ओंडक्याजवळ राहण्याची सवय होती ते अधिक जगले असतील. तिसरा तर्क फ्रेओं आणि दागोर्न या संशोधकांनी २००० साली सविस्तर मांडला: खुल्या समुद्रात कळप विखुरले तर पुन्हा एकत्र येण्यासाठी खुणेची जागा लागते. जत्रेत चुकामूक झालीच तर वडाखाली भेटायचे असे आपण ठरवतो, तसेच काहीसे. आम्हांला स्वतःला दुसरा आणि तिसरा तर्क एकत्र धरणे बरे वाटते. एकच कारण सगळ्या वयाच्या माशांना लागू पडावे असा आग्रह का धरायचा?

तापीच्या पुरात पूर्वी झाडेच्या झाडे समुद्रापर्यंत जात असणार. आता पूर्णा-तापीचा संगम ओलांडताच हतनूर, पुढे उकाई अशी धरणे आहेत, तेव्हा बुलढाण्याच्या बाभळीच्या ओंडक्याला समुद्र दिसणे अवघडच. त्याची जागा समुद्रात आता प्लॅस्टिकच्या पेट्यांनी आणि तुटलेल्या जाळ्यांनी घेतली आहे. मासे त्यांच्याखालीही जमतात. पण नदीच्या ओंडक्याने दिलेला निरोप खरा असायचा. वाऱ्याने भरकटलेले प्लॅस्टिक मासे नेईल तिथे अन्न असेलच असे नाही. दुसरा तर्क खरा असेल तर हा माशांच्या बाबतीत झालेला मोठा विश्वासघात आहे, आणि तो खरा आहे की नाही हे तपासण्याचे काम अजून चालू आहे.

माणसाने या सवयीचा फायदा पूर्वीच घेतला. माल्टा बेटावरचे कोळी बुचाच्या लाकडाचे तराफे दगडाच्या नांगराने समुद्रात बांधून त्यांवर खजुराच्या झावळ्या अंथरत आले आहेत. तिथे या माशाला 'लांपुकी' म्हणतात. हंगाम १५ ऑगस्टला सुरू होतो आणि वर्षअखेर संपतो. त्याआधी तराफ्यांखाली हा मासा धरायला कायद्याने मनाई आहे. जपानात याच कामासाठी बांबूचे तराफे असतात.

घाईचे आयुष्य

माल्टाच्या जाळ्यात शरद ऋतूत सापडणारे बहुतेक मासे त्याच वर्षी जन्मलेले असतात, हे वाचून आश्चर्य वाटेल. माही-माही चार-पाच महिन्यांत वयात येतो. तेव्हा त्याची लांबी सुमारे अर्धा मीटर असते. मादी उबदार पाण्यात वर्षातून अनेकदा अंडी घालते, एका वेळी लाखाच्या घरात. बहुतेक मासे दोन वर्षांच्या आत संपतात. चार-पाच वर्षे म्हणजे शंभरी गाठण्यासारखे. आपला रोहू साधारण दुसऱ्या वर्षानंतर वयात येतो, आणि धरणाच्या साचलेल्या पाण्यात तर सहसा विणतच नाही. १९५७ साली हिरालाल चौधरी यांनी पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून या जातीच्या माशांना विणायला लावले, म्हणून आज तलावात सोडायला बोटुकली मिळते.

या घाईचा मासेमारीशी थेट संबंध आहे. माशांचा साठा ही मुद्दल आणि दरवर्षीची वाढ हे व्याज मानले, तर माही-माहीचा व्याजदर फार मोठा आहे. मुशींच्या कित्येक जातींना वयात यायला पाच-दहा वर्षे लागतात आणि एका वेळी मोजकीच पिल्ले होतात. तिथे व्याज नगण्य, आणि थोडे जास्त काढले की मुद्दलच खर्ची पडते. म्हणून गळाने धरलेला माही-माही खाणे हे मुशी खाण्यापेक्षा कमी नुकसानीचे, असे म्हणता येते. पण इथे एक मेख आहे. ज्या जातीत सगळे मासे एका-दोन वर्षांच्या वयाचे आहेत, तिच्याजवळ म्हाताऱ्या माशांची गंगाजळी नसते. एक वर्ष अंडी-पिल्लांना वाईट गेले की पुढच्याच वर्षी ते जाणवते. शिवाय ओंडक्याखाली जमण्याची सवय अशी की एक मासा गळाला लागला तरी बाकीचे तिथेच घोटाळतात. हे ठाऊक असलेले लोक पहिला मासा वर न घेता पाण्यातच ठेवतात आणि उरलेला कळप एकेक करून वर घेतात. अर्धा मीटरही न झालेली पिल्ले अशाने सहज संपतात. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली पन्नासहून अधिक जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली, तिच्यामागे हेच साधे गणित आहे: प्रत्येकाला निदान एकदा विणू द्यावे.

रंग जातो, विष येते

माही-माही होडीत आला की काही मिनिटांत त्याचे रंग बदलू लागतात. सोनेरी, निळे, हिरवे पट्टे झरझर उमटतात आणि विझतात, शेवटी राखाडी रुपेरी रंग उरतो. त्वचेत रंगद्रव्याच्या पेशी असतात आणि त्यांच्याखाली प्रकाश परतवणाऱ्या बारीक स्फटिकांच्या पेशी. रंगद्रव्य पसरायचे की आकसायचे हे मज्जातंतू ठरवतात. मासा मरताना हे नियंत्रण आधी विस्कळीत होते, मग सुटते. म्हणून बाजारातल्या माही-माहीवरून जिवंत माशाच्या रंगाची कल्पना येत नाही.

याहून महत्त्वाचा बदल डोळ्यांना दिसत नाही. माही-माही, कुपा, बांगडा अशा माशांच्या मांसात हिस्टिडीन हे अमिनो आम्ल मोकळ्या स्वरूपात भरपूर असते. मासा उन्हात राहिला की जिवाणू त्यापासून हिस्टामिन तयार करतात. असा मासा खाल्ल्यावर काही मिनिटांपासून तासा-दोन तासांत चेहरा लाल होतो, डोके दुखते, अंगावर गांधी उठतात, छाती धडधडते. ही माशाची ॲलर्जी आहे असा समज होतो, पण बहुधा ती नसते. ते बाहेरून पोटात गेलेले हिस्टामिन असते. कितीही शिजवले, तळले तरी ते नष्ट होत नाही. वासावरूनही ते नेहमी कळत नाही. उपाय एकच: मासा मेल्या क्षणापासून शिजेपर्यंत बर्फात, चार अंशांच्या खाली. किनाऱ्यापासून बुलढाण्यापर्यंत येणाऱ्या पेटीतला बर्फ वाटेत कुठे संपला की ही साखळी तुटते आणि नंतर नवा बर्फ टाकून ती जोडता येत नाही. बांगडा विकत घेताना पेटीच्या तळाशी बर्फ आहे की नुसते पाणी, हे बघावे. या माशांची चव जिभेला मिरीसारखी झोंबली तर घास टाकून द्यावा.

होड्या परततात तेव्हा

शांत वैशाखाची दुसरी बाजू अशी की त्याच दिवसांत समुद्रात सर्वाधिक उष्णता साठलेली असते. चक्रीवादळाला साधारण साडेसव्वीस अंशांहून उबदार पाणी लागते. तिशीच्या पाण्यात त्याला काहीच कमी पडत नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ कोकण किनाऱ्याला समांतर वर सरकले आणि १७ मेच्या रात्री गुजरातेत शिरले. मुंबई हायजवळ पी-३०५ हा कामगारांच्या वस्तीचा तराफा बुडाला आणि अनेकांचे प्राण गेले. त्याच्या आदल्या वर्षी ३ जूनला निसर्ग वादळ अलिबागजवळ आदळले होते. शंभर किलोमीटर आत गेलेल्या होडीला सात नॉटने किनारा गाठायला जवळजवळ आठ तास लागतात. हा भागाकार मुलांकडून करून घ्यावा आणि मग विचारावे की वादळाची सूचना किती आधी मिळायला हवी.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची पावसाळी मासेमारी बंदी पाळली जाते. त्यात होड्यांचा बचाव आहे आणि अनेक माशांच्या विणीचा काळही सांभाळला जातो. त्यामुळे निळ्या पाण्यात गळ ओढायला मे महिन्याचे मोजकेच दिवस मिळतात, तेही आकाशाकडे लक्ष ठेवून.

आता वर्गात करण्यासारखे एक काम. माही-माहीचे वय काढायचे तर त्याच्या कानातली वाळूच्या कणाएवढी खडी, म्हणजे कर्णाश्म, घासून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. त्यात रोज एक वलय चढते, हे जॉर्जिओ पानेला यांनी १९७१ साली माशांच्या कर्णाश्मांवरून दाखवले. वर्षभराच्या माशाची तीनशेहून अधिक वलये मोजत बसायची! आपल्याला तेवढे करता येणार नाही, पण रोहूचे खवले मिळतात. पृष्ठपराच्या खालचे, कुशीवरचे चार-पाच खवले साबणाच्या पाण्यात धुऊन दोन काचपट्ट्यांमध्ये ठेवावेत आणि उजेडाकडे धरून भिंगातून पाहावेत. बोटांच्या ठशांसारख्या बारीक रेषा दिसतील. मासा झपाट्याने वाढत असताना त्या विरळ पडतात, वाढ मंदावली की दाट. दाट पट्टा उन्हाळ्याचा की थंडीचा, हे रोहू कोणत्या महिन्यात धरला ते विचारून ठरवावे लागेल. खवल्याची कड म्हणजे तो धरला गेला तो दिवस. एकाच माशाच्या दोन बाजूंच्या खवल्यांवर तेवढेच पट्टे मिळतात का, हे आधी तपासावे. त्यासाठी मासे विकणाऱ्याकडे जाताना एक वही जवळ ठेवावी आणि मासा कोणत्या धरणातला, हेही लिहून घ्यावे.